दहावा ठोका

सन्माननीय अध्यक्ष महोदय, आदरणीय पाळकसाहेब, व्यासपीठावरील वडीलमंडळी, आजचे सत्कारमूर्ती घंटाकाका, आमच्या काकू आणि समोर बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, प्रभूच्या नावानं सर्वांना सलाम.

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. मिस्त्रीची पाच मिनिटं म्हणजे काय, हे ते जाणतात. त्यांची गाडी दुरुस्तीला माझ्याकडेच असते.

काकांनी एकतीस वर्षं आपल्या चर्चची घंटा वाजवली. अंत्यविधीच्या वेळी, वारलेल्या माणसाचं जितकं वय तितके ठोके, ही आपली रीत. एवढ्या वर्षांत काका एकदाच चुकले. आज तेच सांगायला उभा आहे. काकू, घाबरू नका.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी धाकटी नऊ वर्षांची होती. सकाळी माझ्या शर्टाला नाक पुसून, दप्तर घेऊन शाळेत गेली. अकरा वाजता फोन आला. रांगेत उभी होती, खाली बसली, ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदयात जन्मापासूनच दोष असावा.

मंडळी, मी शून्यातून वर आलो तो या दोन कानांवर. बॉनेट न उघडता कुठला व्हॉल्व्ह ढिला ते सांगतो. आणि ती पोर लहानपणापासून माझ्या छातीवर झोपायची. मला कसं ऐकू आलं नाही? बरं, मी तर साधा मिस्त्री. ज्यानं ते हृदय घडवलं, त्यालाही ठाऊक नव्हतं?

दफनाच्या दिवशी घंटा सुरू झाली. मी मोजत होतो. सात. आठ. नऊ. आणि दहा! अंगावर वीज कोसळावी तसं झालं. जिला दहावा वाढदिवस लाभला नाही, तिला हा माणूस दहावा ठोका देतो?

दुसऱ्या दिवशी मी तक्रारपत्र लिहिलं. 'या माणसाला कामावरून काढा.' सेक्रेटरीसाहेब, दचकू नका, ते तुमच्यापर्यंत पोचलंच नाही. आधी काकांच्या तोंडावर फेकावं म्हणून मी घंटेचा जिना चढलो.

काका पायरीवर बसून दोरीची गाठ सोडवत होते.

"मोजता येत नाही का हो तुम्हाला?"

त्यांनी चष्मा शोधला, कागद सावकाश वाचला, खिशातून पेन्सिल काढली आणि खाली सही केली.

"खरंय, मिस्त्री. सहाव्यानंतर डोळ्यांपुढं काही दिसेना. मोजायचं भानच राहिलं नाही. देऊन टाका हा कागद."

"एवढंच? देवाची इच्छा वगैरे नाही सांगत? कालपासून जो तो तेच सांगतोय."

"त्याची इच्छा मला काय ठाऊक! मीही त्याला विचारलं, लेकराला का नेलंस म्हणून. गप्प आहे."

"मग कशाला वाजवता त्याची घंटा?"

काकांनी दोरी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "प्रभू मित्राच्या कबरीपाशी रडला होता, मिस्त्री. त्याला आत्ता जिवंत उठवणार आहे हे माहीत असून आधी रडला. म्हणजे रडणाऱ्याजवळ तो थांबतो. मला तेवढंच कळतं. बसा."

मी बसलो. तोवर माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. तिथं काकांची बाही भिजवली.

"ओरडा त्याच्यावर," काका म्हणाले. "त्याला चालतं."

मी ओरडलो. खाली पाळकसाहेबांनी सगळं ऐकलं असणार. आजवर त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. त्यांचेही आभार.

पुढे सहा महिने मी उपासनेला येत होतो, पण बाकावर नाही, त्या जिन्यात. काका फक्त सरकून जागा द्यायचे. एका रविवारी खाली गीत चाललं होतं आणि मला एकदम कळलं, की कोणीतरी बेसूर गातंय, आणि तो मी आहे!

प्रश्न अजून तसाच आहे. पूर्वी तो मी देवाकडे पाठ करून विचारायचो. आता रोज सकाळी त्याच्यासमोर बसून विचारतो. मग पोरीला पुन्हा त्याच्याच हाती सोपवतो आणि गॅरेज उघडतो.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. लहान तोंडी मोठा घास झाला असेल, कुणाला काही लागलं असेल, तर पोटात घाला. आणि एक विनंती. त्या घंटेनं काकांचे कान आता पार गेलेत. मी काय बोललो ते त्यांना निम्मंही कळलं नसेल. तेव्हा टाळ्या राहू द्या. एकेकानं येऊन त्यांचा हात हातात घ्या.

पहिला मी जातो.