कोरड्या पोह्यांची दुसरी प्लेट

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय बापूजी, व्यासपीठावर बसलेले आपल्या कॉलनीचे सर्व पदाधिकारी, सत्कारमूर्ती रुपरावजी आणि प्रयागवहिनी, आमच्या रविवारच्या नाश्त्याचे सगळे सोबती, आणि जमलेल्या बंधुभगिनींनो,

सूत्रसंचालन करणाऱ्या मिनलने माझं नाव पुकारलं तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. हसणारच. ओमप्रकाश आणि भाषण? माझी सगळी नोकरी बुटीबोरीच्या कारखान्यात गेली. तिथे यंत्रांच्या आवाजात माणसं खुणेनेच बोलतात. घरी बोलायचं काम इंदूकडे होतं. माझी पत्नी इंदू मागच्या उन्हाळ्यात गेली, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. म्हणून आज मलाच उभं राहावं लागलं.

रुपरावजी येत्या सोमवारी मुलाकडे, जितेंद्रकडे, पुण्याला कायमचे राहायला चालले आहेत. त्यांच्याविषयी आतापर्यंत सगळे चांगलं बोलले आणि ते खरंही आहे. रविवारी सकाळी फिरून झालं की कॉलनीतली आम्ही चार-पाच जोडपी नाश्त्याला निघायचो, ही पद्धत त्यांनीच पाडली. इतका वेळ बसायचो की दुपारच्या जेवणाची गरज उरत नसे. आता त्याला ब्रंच म्हणतात. इतवारीत जिलबी कुठे कढईतून थेट मिळते, धरमपेठेत भज्यांसोबत कढी कोण देतं, हे सगळं आम्हाला त्यांनी दाखवलं. पण फिरून फिरून आम्ही यायचो ते रेशीमबागेजवळ, कडुलिंबाखालच्या रंभाबाईंच्या तर्री पोह्यांच्या ठेल्यावर. खरं की नाही?

तिथे इंदूचं एक ठरलेलं होतं. "रंभा, माझ्या पोह्यांवर तर्री नको टाकू वं, यांच्यातलीच पुरते मले." मग तिला कोरडे पोहे, वर बचकभर हिरवा सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि लिंबाची फोड. ती आपला चमचा माझ्या तर्रीत बुडवायची आणि माझं तोंड भाजलं की मी तिच्या कोरड्या पोह्यांना हात घालायचो. दोन प्लेटी मिळून आमचा एक नाश्ता व्हायचा. प्रयागवहिनी म्हणायच्या, "अवं इंदू, त्यायले सुखानं खाऊ दे ना!" वहिनी, ते सुखच होतं.

इंदूची तेरवी झाल्यावर रुपरावजी मला घरून ओढून ठेल्यावर घेऊन गेले. रंभाबाईंनी माझ्यासमोर दोन प्लेटी ठेवल्या. एक तर्रीची, एक कोरडी. रुपरावजींनी कोरडी प्लेट झटकन उचलली आणि खालच्या आवाजात तिला म्हणाले, "समजत नाही का तुले? एकच देत जा आता!" ती म्हणाली, "हाताले सवय आहे, भाऊ." मी उठलो आणि स्कूटरकडे चालू लागलो. मागून रुपरावजींचा आवाज ऐकू आला, "पाहिलं ना? त्याले इथं आणायचं नाही आता."

झालं. त्या दिवसापासून माझी रवानगी फुटाळ्याकडच्या एका कॅफेत झाली. जिना चढून जायचं. छताला प्लास्टिकचे वेल. खायचं काय ते मोबाइलवर शोधायचं. जाड पावावर काहीतरी हिरवं लिंपलेलं. तर्री पोहे आहेत म्हणाले म्हणून एकदा मागवले, तर पोहे वाटीत आणि तर्री बोटभर उंचीच्या काचेच्या पेल्यात. आणखी मागितली तर तो पोरगा इंग्रजीत दिलगीर झाला! प्रत्येक शुक्रवारी ग्रुपवर रुपरावजींचा निरोप यायचा, "ओमभाऊंसाठी याही रविवारी तिथंच." मी हात जोडल्याचं चित्र पाठवायचो. सोडा मला, असं म्हणायचं होतं. ते उलट फुलाचं चित्र पाठवायचे.

आपण सर्वांनी हे प्रेमानं केलं. माझी तक्रार तीच आहे. रागावलो असतो तर कुणावर रागावायचं? माझं मन जपण्याच्या नादात मला कुणी काही विचारलंच नाही.

मी रडत उठलो नव्हतो, रुपरावजी. मी चिडून उठलो होतो. ती प्लेट मला हवी होती.

एकट्यानं जायचं होतं, असं कुणी म्हणेल. गेलो होतो. रंभाबाईंनी एकच प्लेट ठेवली, सांभाळून, माझ्याकडे न बघता. दुसरी मागावी असं फार वाटलं. पण एकट्या माणसानं एक तर्रीची आणि एक कोरडी मागायची, तर काय सांगून मागायची? ती बाई रुपरावजींचा शब्द मोडत नाही. आणि रुपरावजी सोमवारी चालले.

म्हणून अध्यक्षांच्या परवानगीनं एक विनंती. परवाच्या रविवारी निरोपाचा ब्रंच त्याच कॅफेत ठरला आहे, असं मघाशी जाहीर झालं. तो रद्द करा. ठेल्यावर चला. रुपरावजी, तुम्ही स्वतः रंभाबाईंना सांगा की पहिल्यासारखंच दे. तुमच्याशिवाय हे कुणाला जमणार नाही.

काय म्हणता, वहिनी? जरा मोठ्यानं बोला... "सांगायचं ना मग, ओमभाऊ! इतके दिवस काहून गप्प बसले?" आता काय सांगू वहिनी. सांगायचं खातं इंदूकडे होतं.

रुपरावजी, तुम्ही हातानं दोन बोटं दाखवताय. दोनच, बरोबर. आमच्या कारखान्यातली खूण तुम्हालाही येते, हे आज कळलं.

बापूजी, आपण मला मध्ये थांबवलं नाही, सभागृहानं शांतपणे ऐकलं, मिनलने घंटी वाजवली नाही, याबद्दल मी सर्वांचा आभारी आहे. निरोपाच्या भाषणात सत्कारमूर्तींपेक्षा पोह्यांवरच जास्त बोललो. कुणाचं मन दुखावलं असेल तर मोठ्या मनानं माफ करावं. रुपरावजी आणि वहिनी, पुण्यात तब्येत सांभाळा. आणि रविवारी ती प्लेट आली की हात मागे ठेवा.

धन्यवाद.