मोगरी घेऊन पुलाजवळ फिरणाऱ्या इसमाबाबत

नाव हात्सुए कावानिशी, वय ६८ वर्षे, धंदा केशकर्तनालय, राहणार कुरायोशी, पुलाजवळ, दुकानाच्या माडीवर.

विचारल्यावरून समक्ष सांगते की, मी वरील ठिकाणी एकटी राहते. दुपारी दोन ते तीन दुकानात गिऱ्हाईक नसते. त्या वेळात मी सहा वर्षे टीव्हीला जोडायच्या यंत्रावर 'ढगांचं गाव' हा ऑनलाइन खेळ खेळत असे. दरमहा वर्गणी भरली की मासेमारी, पतंग, मोची हा भाताचा गोड गोळा कुटणे असे छोटे खेळ मिळत. चिकट भाताची मोची कुटायला दोघे लागतात. एकाने लाकडी मोगरी हाणायची, दुसऱ्याने मधल्या क्षणात हात घालून गोळा उलटायचा. खेळात सदर इसम हाणत, मी उलटत असे. सहा वर्षांत माझी बोटे एकदाही चेचली नाहीत. असा माणूस मला नवऱ्यातही मिळाला नव्हता. हे लिहायला हवालदार निशिओ कां-कूं करत होते, मी लिहायला लावले.

खेळात लहान मुले असल्याने 'छान!', 'पुन्हा एकदा?', 'भूक लागली' अशी तयार वाक्येच बोलता येत. नाव-गाव विचारायची सोय नव्हती. ३१ मार्चला दुपारी तीनला कंपनी खेळ कायमचा बंद करणार होती. मग आम्ही एकमेकांना कुठे शोधणार? म्हणून त्या दिवशी मोगरी मी घेतली आणि दुकानाचा फोन नंबर टोल्यांनी वाजवला. सातला सात टोले, शून्याला मोगरी वर धरून थांबायचे. त्यांनी 'पुन्हा एकदा?' म्हटले, मी पुन्हा वाजवला. तीनला पडदा काळा झाला. मी रडले, असे लिहावे.

फोन आला नाही. चूक माझीच. कुटून झाले की शुभ म्हणून वर एक टोला घालायची आमची रीत. तो सवयीने दोन्ही वेळा पडला. शेवटच्या चारचे पाच झाले आणि त्यांचा फोन टोफूवाले ओगुशी यांच्याकडे गेला. ओगुशी आज म्हणाले, "मोची उलटणाऱ्या बाई तिथेच राहतात का, असं विचारत होते. म्हटलं, अहो, ती आमची हात्सुएताई! टोफू घेताना रोज तेच पुराण लावते. पुलाकडे या!" माझ्याकडे मात्र चकार शब्द काढला नाही. गंमत करायची होती म्हणे.

आज ९ एप्रिल, सकाळी ११ वाजता मी गिऱ्हाइकाची मान वस्तऱ्याने साफ करत होते. बाहेर "पेत्तान! पेत्तान!" अशी मोची कुटतानाची आरोळी आली. मी तशीच धावले. समोर सदर इसम, खांद्यावर खरीखुरी मोगरी. माझ्या हातात वस्तरा. शेजारच्या शिबाताबाईंनी खिडकीतून पाहून चौकीला कळवले, त्यांचा दोष नाही.

सदर इसम म्हणाले, "छान!" मी म्हटले, "भूक लागली." त्यानंतर झाला तो हसण्याचा आवाज होता, आरडाओरडा नव्हे.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. इसम व मोगरी सोडावीत, ओगुशींकडे कालपासून तांदूळ भिजत आहेत. वस्तराही परत द्यावा, गिऱ्हाईक अजून खुर्चीत बसले आहे.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितल्याबरहुकूम आहे. खाली हवालदारांनी सदर इसमाचे नाव घातले : कियोहारु मात्सुनामी. ते मी आज पहिल्यांदाच ऐकले, म्हणून तेवढी ओळ त्यांना पुन्हा वाचायला लावली.