ठकूआजीचा नातू तोलला तेव्हा

शिकाऊ डॉक्टर गावात येऊन करतात तरी काय, असं विचारता ना, मग हे ऐका. मी गावची आशाताई, म्हणून कॉलेजची मुलं आली की त्यांना घरं दाखवायला मीच जाते. त्या दिवशी पुण्याच्या ऋचाला घेऊन मेंढपाळांच्या वस्तीवर ठकूआजीकडे गेले. नातू फारच बारीक दिसत होता. ऋचानं वजनकाटा मांडला, तशी आजी आडवी आली.

"लेकराला तोलायचं न्हाई. आमी इकायचं तेच तोलतो."

मी समजावलं, ऋचानं हात जोडले, पण आजी हलेना. मग ऋचा म्हणाली, "बरं, तुमचं तरी करू?"

"कर की! मला कोण इकत घेतंय, माय?"

नातू कडेवर होताच. आजी तशीच काट्यावर चढली. ऋचानं खाली बसून आकडा वाचला आणि म्हणाली, "आता बाळाला ताईंकडे द्या, परत बघू."

आजीचं एकटीचं वजन झालं. ऋचानं मनातल्या मनात वजाबाकी केली आणि तिचा चेहराच उतरला. "आजी, बाळाचं वजन लय कमी भरलंय," ती बोलून गेली. "उद्या दवाखान्यात नेऊ."

"म्हंजी तोललंस तर!"

आता ही आम्हाला हाकलते, असं मला वाटलं. आजीनं माझ्याकडून नातू घेतला आणि सरळ ऋचाच्या मांडीवर ठेवला.

"काटा ज्याच्या हातात, कमी भरलं तर त्यानंच भरून द्यायचं. उद्या येरवाळी, दिस उगवायलाच ये."