दारावरचा बल्ब

दिव्यांच्या दुकानात माझ्यापुढे एक जोडपं बागेतले सोलर दिवे परत करायला उभं होतं.

"तरी म्हणत होते, स्वस्तातले घेऊ नका. एकही लागत नाही."

"काकू, दारावरचा बल्ब चालू असतो का?" दुकानदाराने विचारलं.

"रात्रभर."

"मग त्या उजेडात या दिव्यांना दिवसच वाटतो. तो बंद करा, हे आपोआप लागतील."

"यांना सांगा. हेच लावतात."

"चोर आले तर?" काका म्हणाले.

"कुंड्या न्यायला? नेऊ देत. पाणी घालायचं वाचेल."

"काका, एक रात्र बंद ठेवून बघा."

"नको."

"लेक भांडून गेल्यापासून असंच चाललंय. विचारलं की म्हणतात, चोर येतील."

"रात्री आलीच, तर दारात अंधार नको."

"बल्ब बघून येणारे का ती?"

"नाही. चूक माझी होती. लाव तिला फोन, मीच बोलतो."