कालच्याच बाजूला

नाट्यगृहाच्या दाराशी रांग लागली होती. माझ्या पुढे दोघी मैत्रिणी. एकीच्या पाठीवर प्रवासाची बॅग.

“काल दोन नाटकं, मध्ये तुझ्या ऑफिसातल्यांबरोबर जेवण, आज हे तिसरं. तुझ्या पायाला भिंगरी आहे बाई, माझ्या नाही!”

“वर्षातून एकदा येतेस. म्हटलं, काही राहायला नको.”

“आणि आपलं बोलायचं राहिलं ते?”

“आत्ता बोलतोय ना? बोल, कशी आहेस?”

“मजेत.”

“हे तर फोनवरही सांगतेस.”

“मग तू सांग.”

“मी पण मजेत.”

“झालं बोलून!”

“बस कितीची आहे?”

“सातची. नाटक संपलं की थेट स्टँडवर.”

“आज तरी जागी राहा गं. काल मारे दुसऱ्या रांगेतली तिकिटं काढली, आणि तू अख्खा दुसरा अंक माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपलीस.”

“झोपले नव्हते.”

“डोळे तर मिटलेले होते.”

“उघडले असते, तर तू खांदा काढून घेतला असतास.”

तिसरी घंटा झाली. रांग पुढे सरकली.

“चल. ती बॅग दे इकडे. कुठल्या बाजूला बसतेस?”

“कालच्याच.”