एमिनेकाकूंचा डबा

तुम्ही हसाल, पण माझं जर्मन सुधारलं ते एका प्लॅस्टिकच्या डब्यामुळे.

जर्मनीत भाषेच्या वर्गात माझ्या शेजारी एमिनेकाकू बसायच्या. तुर्कस्तानातल्या, माझ्या आईच्या वयाच्या. तोंडी परीक्षेत मी नापास झाले, त्या दिवशी त्यांनी माझ्या हातात डबा ठेवला. द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात होता.

नांदेडला फोन केला तर आई म्हणाली, "डबा तसाच देऊन राहिली का? रिकामा डबा परत करत न्हाईत, बाई!"

मी शेंगदाण्याची चटणी भरून दिली. दोन दिवसांनी डबा पुन्हा माझ्याकडे, आत ऑलिव्ह. मी पोहे दिले, त्यांनी केक. शेवटी मी वैतागले.

"काकू, आता बस करा! मला अभ्यास आहे."

"मी कशी बस करू? आमच्यात रिकामा डबा परत करत नाहीत!"

आधी कोणी थांबायचं यावर आम्ही रोज भांडायला लागलो. मोडक्यातोडक्या का होईना, जर्मनमध्येच. पुढच्या परीक्षेत मी धडाधड बोलले आणि पास झाले.

नोकरीच्या व्हिसासाठी मात्र घरी यावं लागणार होतं, आणि तो मिळेल याची खात्री नव्हती. निघताना काकूंनी डबा दिला. उघडला तर रिकामा.

"काकू, रिकामा?"

"हो. आता भरून आणायचा."

काल व्हिसा आला. आई सकाळपासून शेंगदाणे भाजून राहिली.