साहेबांना उशी कोण मारणार?

तलासरीच्या स्टँडवर डहाणूची बस लागली, तरी नयनाबाई बाकावरून उठल्या नाहीत. शेजारचे दोघे कारकून ऐन रंगात आले होते.

"दर्शन, काल पिकनिकला आला नाहीस, चुकलास. डहाणूच्या किनाऱ्यावर ऑफिसची उश्यांची मारामारी झाली."

"उश्यांची? कशाला?"

"ताण जावा म्हणून. साहेबांचीच कल्पना. आम्ही एकमेकांना असं झोडपलं, की लोक जमले बघायला."

"आणि साहेबांना?"

"त्यांना कोण मारणार? बिचारे उशी छातीशी धरून मधोमध उभे. म्हणतात, अरे, मलाही मारा की कोणीतरी!"

"मग?"

"मी म्हटलं, सर, आज वारा फार आहे."

"एकनाथभाऊ, तुम्हीपण ना!"

"तेवढ्यात ती नवीन शितल पुढे आली आणि दिली ना डोक्यात ठेवून! चष्मा वाळूत."

"गेली तिची नोकरी."

"कसली जाते! साहेब पोट धरून हसले. आज आम्हालाच केबिनमध्ये बोलावून झापलं, तुमच्यात उत्साह दिसला नाही म्हणून."

"आता काय करणार?"

"उद्या सगळे घरून उशी आणतायत."

"तुम्हीपण?"

"मी लोड आणतोय."